नागोबाची मडकी घडवणारं घर

माती आणि माणसं : लेखांक 8

मागच्या आठवड्यात आपण निर्मला पटवर्धन यांच्या कामाची ओळख करून घेतली. शांतिनिकेतनात आणि पुढे जर्मनीत शिकून त्या परतल्या, आयुष्यभर झिलईचे प्रयोग केले आणि 1984 मध्ये ‘हँडबुक फॉर पॉटर्स’ हे पुस्तक लिहून आपलं ज्ञान सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यांच्या भांड्यांवर त्यांचं नाव होतं, त्यांची प्रदर्शनं भरत होती. आज ज्या कलावंताकडे जायचं आहे, त्याच्या भांड्यावर सही नसते. त्याचं काम कुठल्या दालनात मांडलं जात नाही. तरीही दर वर्षी पौष महिन्यात एक अख्खी भावकी त्याच्या दारात येते, मडक्यांची मागणी नोंदवते आणि त्याची मडकी तयार झाल्याशिवाय तिच्या देवाची जत्रा पुढे सरकत नाही.

हे घर तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, सिरिकोंडा गावी आहे. मागणी नोंदवणारे आहेत केस्लापूरच्या नागोबाचे मानकरी, राजगोंडांमधले मेसराम.

पैनगंगेच्या पलीकडे

आदिलाबाद मराठी वाचकाला परका नाही. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्हे लागतात. निजामाच्या हैदराबाद संस्थानात आदिलाबाद, किनवट आणि राजुरा हा मुलूख एकाच कारभाराखाली होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत या जिल्ह्यातला किनवटचा भाग नांदेडला जोडला गेला. राजुरा तालुकाही आधी नांदेडला आणि 1959 मध्ये चंद्रपूरला गेला. सीमा बदलल्या तरी नात्यागोत्याची, बाजाराची आणि देवाधर्माची ये-जा तशीच राहिली. आदिलाबादच्या बाजारात आजही तेलुगूच्या बरोबरीनं मराठी ऐकू येते आणि अनेक गोंड घरांत गोंडी, मराठी, तेलुगू अशा तिन्ही भाषा बोलल्या जातात. 2016 मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद. सिरिकोंडा आणि केस्लापूर ही दोन्ही गावं आजच्या आदिलाबाद जिल्ह्यात आहेत. केस्लापूर इंद्रवेल्ली मंडलात येतं, तर सिरिकोंडा स्वतःच मंडलाचं ठिकाण आहे.

केस्लापूरचा नागोबा हे मेसरामांचं कुळदैवत. पौष अमावास्येच्या रात्री महापूजा होते आणि जत्रा सुरू होते. मेडारमच्या सम्मक्का-सारलम्मा जत्रेनंतर तेलंगणातली आदिवासींची ही सर्वांत मोठी जत्रा मानली जाते. महाराष्ट्र, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातूनही लोक येतात. व्हिएन्नात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ 1940 च्या दशकात याच भागात राहून गोंडांचा अभ्यास करत होते. ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा त्यांचा ग्रंथ 1948 मध्ये आला. जत्रेत अधिकाऱ्यांनी आदिवासींची गाऱ्हाणी ऐकण्याचा दरबार त्यांच्याच काळात सुरू झाला. वर्तमानपत्रांत बातमी येते ती बहुधा या दरबाराची, मंत्र्यांच्या भेटीची आणि गर्दीची. आपल्या लेखमालेला रस आहे तो जत्रेच्या कितीतरी आधी, एका कुंभाराच्या अंगणात सुरू होणाऱ्या कामात.

पहिला मुक्काम कुंभाराकडे

पौषाची चंद्रकोर दिसली की मेसरामांची प्रमुख मंडळी केस्लापुरात जमतात. जत्रेची वर्दी द्यायला बैलगाडी निघते. ही गाडी सिरिकोंड्याला कुंभाराकडे जाते आणि तिथे मडक्यांची मागणी नोंदवली जाते. पाणी भरायची मडकी, नैवेद्य शिजवायची भांडी, त्यांची झाकणं, दिवे असं सगळं सांगितलं जातं. त्यानंतर मंडळी गावोगावी फिरतात आणि पुढे गोदावरीचं पाणी आणायला पायी निघतात. मंचेरियाल जिल्ह्यात जन्नारम मंडलातल्या कलमडुगूजवळ हस्तिनामडुगू नावाचा गोदावरीचा डोह आहे. तिथलं पाणी झारीत भरून ते अनवाणी चालत परततात आणि केस्लापूरच्या वेशीवरच्या वडाखाली मुक्काम करतात.

यातला क्रम लक्षात घ्यायला हवा. नदीचं पाणी आणायच्या आधी मडक्यांची सोय होते. मागणी नोंदवण्यात गोंडांचा धर्म आहे आणि ती पुरी करण्यात कुंभाराचा. कुंभार गोंड नाही, तेलुगू बोलणाऱ्या कुम्मरी समाजातला आहे. तरीही नागोबाच्या पूजेत त्याची जागा पक्की आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या ती एकाच घराकडे आहे. बाप गेला तर मुलगा चाकावर बसतो, पण पुढच्या पौषात गाडी त्याच दारात येते.

आता कुंभाराच्या बाजूनं पाहू. चंद्रकोर दिसल्यापासून अमावास्येपर्यंत सगळा मिळून महिनाही नाही. या काळात माती तयार करायची, मडकी घडवायची, सुकवायची, भाजायची आणि मोजून द्यायची. दिवस थंडीचे, सकाळी दव पडलेलं. उन्हाळ्यात दोन दिवसांत सुकणारं मडकं पौषात जास्त वेळ घेतं. त्याला घाईनं उन्हात ठेवलं तर बाहेरची बाजू आधी आकसते, आतली ओली राहते आणि गळ्याशी तडा जातो. म्हणून माती आधीच जमवून मुरत ठेवलेली असावी लागते. मागणी पौषात येते, पण कुंभाराची तयारी पावसाळा सरताच सुरू व्हावी लागते.

काळी माती कुंभाराला का चालत नाही

आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा. कापूस पिकवणारी इथली काळी माती बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेली आहे. शेतकऱ्याला ती सोन्यासारखी, पण कुंभाराला ती एकटी चालत नाही. या मातीतल्या चिकण खनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि माती फुगते. पाणी गेलं की ती तितक्याच जोरानं आकसते. उन्हाळ्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. याच मातीचं मडकं घडवलं तर ते सुकतानाच फाटेल.

म्हणून कुंभार तळ्याच्या काठाशी जातो. पावसाचं पाणी वरच्या शिवारातली माती वाहून आणतं. जड वाळू आधीच खाली बसते, बारीक कण संथ पाण्यात तळाशी साचतात. निसर्गानं चाळून ठेवलेली ही माती चिकट असते, तरी काळ्या मातीइतकी फुगरी नसते. तिच्यातले खडे आणि मुळ्या काढून टाकायच्या, ती भिजवायची, तुडवायची, मळायची. मग तिच्यात बारीक वाळू, राख किंवा लीद मिसळायची. वाळू माती आकसण्याला आळा घालते. लीद आणि भुसा भट्टीत जळून जातात आणि त्यांच्या जागी बारीक छिद्रं राहतात. कशात किती मिसळायचं याचा कागद कुंभाराच्या घरी नसतो. माती बोटांत चोळून, वळून, वाकवून पाहिली की ती पुरेशी तयार आहे की नाही हे हाताला कळतं. निर्मलाताईंनी झिलईची प्रमाणं वजनानं मांडली. इथे ती हातात साठलेली आहेत आणि हातांतूनच पुढच्या पिढीकडे जातात.

या कामात सगळं घर लागतं. माती चाळणं, भिजवणं, पाणी आणणं, सुकत घातलेली मडकी फिरवून ठेवणं, जळण जमवणं यात बायकांचा वाटा मोठा असतो. चाकावर बसलेला माणूस छायाचित्रात दिसतो, त्याच्यामागचं घर दिसत नाही. म्हणून या लेखाच्या मथळ्यात माणसाऐवजी घर आहे.

चाक, थापटणं आणि आवा

मोठं गोल बुडाचं मडकं एकट्या चाकावर पुरं होत नाही. चाकावर गळा आणि काठ नेमका निघतो, पण भिंत जाड ठेवावी लागते, नाहीतर ओली माती स्वतःच्या वजनानं खाली बसेल. मडकं चाकावरून उतरवून थोडं आळू देतात. मग आतून गोल दगडाचा आधार द्यायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत जायचं. प्रत्येक ठोक्यानिशी भिंत पातळ होते, पोट फुगतं, बूड गोल होतं आणि मातीचे कण दाबले जाऊन घट्ट बसतात. ठोका जोरात पडला तर भोक पडतं, हलका पडला तर भिंत जाड राहते. भिंत कुठे किती जाड आहे हे डोळ्यांना दिसत नाही, ठोक्याच्या आवाजावरून ओळखावं लागतं. थापटणं आणि आतला दगड वापरून भांडं घडवण्याची ही रीत भारतात हजारो वर्षांपासून चालत आली आहे.

बूड गोल असण्याला कारण आहे. सपाट बुडाच्या भांड्याला कोपरा असतो. चुलीवर ते तापलं की बूड आणि भिंत वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि ताण त्या कोपऱ्यावर येतो. गोल बुडाला कोपराच नाही, त्यामुळे ताण सगळीकडे वाटला जातो. तीन दगडांच्या चुलीवर ते नीट बसतं आणि ज्वाळा त्याला खालून कवेत घेते. शिवाय भाजलेल्या मातीतली वाळू आणि बारीक छिद्रं तड्याला पुढे सरकू देत नाहीत. काचेसारखं घट्ट भाजलेलं चिनी मातीचं भांडं थेट विस्तवावर ठेवलं तर फुटतं, पण कुंभाराचं सच्छिद्र मडकं टिकतं.

पाण्याच्या मडक्यातही हीच छिद्रं कामाला येतात. पाणी झिरपून बाहेरच्या बाजूला येतं आणि त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण 580 कॅलरी उष्णता लागते. ती आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून आतलं पाणी गार होतं. नवं मडकं जुन्यापेक्षा चांगलं गार करतं, कारण वापरात पाण्यातले क्षार छिद्रांत बसून ती बुजवत जातात.

आवा रचणं हे मडकं घडवण्याइतकंच कसबाचं काम. मडकी एकमेकांवर रचून त्यांच्यामध्ये आणि भोवती लाकूड, शेण्या, गवत घालतात. कापूसपट्ट्यात पऱ्हाट्यांचं जळण हाताशी असतं. वरून राख-मातीचं लिंपण येतं. सुरुवातीला आच मंद ठेवतात, कारण सुकल्यासारख्या दिसणाऱ्या मडक्यातही पाणी असतं. ते एकदम वाफ होऊन सुटलं तर मडकं फुटतं. पुढे 450 ते 600 अंश सेल्सिअसच्या दरम्यान चिकण मातीच्या कणांत रासायनिक रूपानं बांधलेलं पाणीही निघून जातं. इथून परत फिरता येत नाही. त्याआधी मडकं पाण्यात टाकलं असतं तर त्याचा चिखल झाला असता, यानंतर होत नाही. गावचा आवा साधारण 700 ते 900 अंशांपर्यंत जातो. हवा भरपूर मिळाली तर मातीतलं लोह लाल रंग घेतं. धूर कोंडला तर काजळी छिद्रांत शिरते आणि मडकं काळं निघतं. तापमान मोजायचं यंत्र इथे नसतं. आगीचा रंग, धुराचा रंग आणि वास यांवर सगळा हिशेब चालतो. आव्यातली काही मडकी दर वेळी तडकतात आणि ती तूट धरूनच कुंभाराला जास्तीची घडवावी लागतात.

मडक्यांनी बांधलेली भावकी

सिरिकोंड्याची मडकी केस्लापूरला पोचली की त्यांचं खरं काम सुरू होतं. मेसरामांच्या लेकी-सुना नवी मडकी घेऊन वडाजवळच्या पवित्र विहिरीवर जातात. त्या पाण्यानं माती भिजवली जाते आणि सासरी गेलेल्या लेकी आणि जावई मिळून मंदिरात वारूळ घडवतात. नागाचं घर वारूळ, म्हणून देवाचं घर दर वर्षी ताज्या मातीनं पुन्हा घडवायचं. लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेलेली मुलगी या दिवशी माहेरच्या देवासाठी राबते. परक्या कुळातला जावईही तिच्याबरोबर मातीत हात घालतो.

स्वयंपाकाचीही रीत ठरलेली आहे. मेसरामांच्या 22 पोटकुळ्या आहेत. हजारो माणसं जमली तरी आवारातल्या ठरलेल्या 22 चुलींवरच आळीपाळीनं रांधलं जातं. कोणी श्रीमंत म्हणून वेगळी चूल मांडत नाही. महापूजेनंतर ‘भेटिंग’ होतं. वर्षभरात लग्न होऊन भावकीत आलेल्या सुनांना पांढऱ्या साड्यांत नागोबासमोर नेऊन त्यांची देवाशी भेट घालून देतात. त्यानंतरच त्या पूर्णपणे मेसराम कुळाच्या मानल्या जातात.

या सगळ्यात मडक्याची जागा तांब्याच्या किंवा स्टीलच्या भांड्यानं घेतली असती तर कोणी अडवलं नसतं. गोदावरीचं पाणी झारीत येतंच. 2022 मध्ये मेसरामांनी आपापसांत वर्गणी काढून नागोबाचं नवं दगडी मंदिर उभारलं. कायमचं, मजबूत, देखणं असं काही बांधायची ताकद या भावकीत आहे हे त्यातून दिसलं. तरीही विहिरीचं पाणी भरायला दर वर्षी नवं, फुटू शकणारं, मातीचं मडकंच लागतं. देऊळ दगडाचं झालं आणि मडकं मातीचं राहिलं, हा निर्णय मेसरामांनी जाणूनबुजून घेतला आहे. या निर्णयामुळेच सिरिकोंड्याचं चाक फिरतं आहे.

कलावंत कोणाला म्हणायचं

या मुलखात मातीचं काम आणखी एका ठिकाणी दडलेलं आहे. आदिलाबादचे ओझा कारागीर मेणाच्या बारीक दोऱ्यांनी मातीच्या गाभ्यावर नक्षी करतात, त्यावर पुन्हा मातीचं कवच चढवतात, मेण वितळवून बाहेर काढतात आणि मोकळ्या जागी पितळ ओततात. या डोकरा कलेला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तयार वस्तू पितळेची दिसते, पण तिचा आकार मातीनं दिलेला असतो.

नदीच्या अलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला, गांधीवादी कार्यकर्ते कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी 1950 च्या दशकात ग्रामोदय संघ उभा केला. गावच्या कुंभाराला सुधारलेलं चाक, चांगली भट्टी आणि झिलईचं ज्ञान मिळावं, प्लास्टिक आणि धातूच्या भांड्यांपुढे त्याचा धंदा टिकावा, हा त्यामागचा विचार होता. जिथे साध्या मातीचं भांडं 900 अंशांच्या आत भाजतात, तिथे पांढऱ्या मातीची घट्ट भांडी 1200 अंशांच्या पुढे नेऊन भाजण्याचं तंत्र इथे कुंभारांच्या मुलांना शिकवलं गेलं. बिहारच्या नवादा जिल्ह्यातल्या कुंभार घरात जन्मलेले ब्रह्मदेव राम पंडित भद्रावतीलाच शिकले, पुढे मुंबईजवळ भाईंदरला त्यांनी आपला स्टुडिओ उभारला आणि 2013 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गावचा कुंभार आणि शहरातला सिरॅमिक कलावंत यांच्यातलं अंतर शिक्षणानं आणि संधीनं एका आयुष्यात पार होऊ शकतं, याचा पंडितजी हा पुरावा आहेत.

पण सिरिकोंड्याच्या कुंभाराला कलावंत म्हणण्यासाठी त्यानं ते अंतर पार करावं, ही अट मला मान्य नाही. आपण कलावंतात काय पाहतो? साहित्यावर हुकमत, आकाराची जाण, आगीची पारख, वर्षानुवर्षं त्याच दर्जानं काम करण्याची शिस्त आणि बघणाऱ्याच्या आयुष्यात ते काम खोलवर पोचणं. यातलं काहीही त्याच्याकडे कमी नाही. नवं काही करून दाखवण्याची ओढ शहरी कलावंताला असते आणि तीही मोलाची आहे. पण दर वर्षी तंतोतंत तोच घाट, तोच गळा, तीच जाडी हातातून उतरवणं हेही अवघड काम आहे. शास्त्रीय गायक तोच राग आयुष्यभर गातो तेव्हा आपण त्याला कारागीर म्हणून बाजूला ठेवत नाही. कुंभाराला मात्र तसं ठेवतो, कारण त्याची वस्तू स्वस्त आहे आणि ती फुटते.

मेसरामांनी ही चूक केली नाही. त्यांनी त्याला पदवी दिली नाही की शाल दिली नाही. त्यांनी गाडी जुंपून त्याच्या दारात जाण्याचा नेम ठेवला आणि तो मोडला नाही. आपल्याकडे हस्तकला वाचवण्यासाठी मेळावे भरतात, प्रशिक्षणं होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. ती हवीतच. पण चाक फिरत ठेवायचं तर दर वर्षी ठरलेल्या वेळी येणारं, नेमकं काय हवं ते सांगणारं आणि माल आनंदानं नेणारं गिऱ्हाईक लागतं. भद्रावतीच्या तंत्रानं धंद्याला नवा रस्ता दाखवला आणि केस्लापूरच्या नेमानं जुना रस्ता बंद पडू दिला नाही. दोन्हींची गरज आहे, पण दुसरी गोष्ट कुठल्याही गावाला, कुठल्याही सोसायटीला आजच करता येण्यासारखी आहे.

ज्या पौषात नागोबाची मडकी घडतात, त्याच पौषात आपल्याकडे संक्रांतीला सुगडं लागतात. नवरात्रात घट लागतो, दिवाळीला पणत्या, उन्हाळ्यात माठ. हे सगळं आपण आदल्या दिवशी बाजारात जाऊन घेतो आणि बऱ्याचदा ते कुठल्या तरी लांबच्या गावातून ट्रकनं आलेलं, साच्यातून काढलेलं असतं. यंदा एक करा. आपल्या गावात किंवा जवळपास अजून चाक चालवणारं घर शोधा. सणाच्या महिनाभर आधी त्यांच्याकडे जा, शेजारच्या दहा घरांची मागणी एकत्र करून नोंदवा, थोडे पैसे आगाऊ द्या आणि पुढच्या वर्षी त्याच घरी परत जा.

पुढच्या आठवड्यात : भद्रावतीचा ग्रामोदय संघ आणि कृष्णमूर्ती मिरमिरा यांचं काम.